हरेशचा कॉम्प्रेसर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. या अंकाच्या संपादकबाई मुलुंडच्या. त्यांची गाडी माझ्याकडे यायची. दर वर्षी गणपती आटोपले की त्यांचा फोन येतो, "परबकाका, गॅरेजचे किस्से लिहून द्या ना, लोकांना आवडतात." आणि दर वर्षी मी डोळ्यांचं नाहीतर गुडघ्यांचं कारण सांगतो. डोळे आणि गुडघे दोन्ही ठीक आहेत. किस्सेही भरपूर आहेत. पण ते सांगत गेलो की वाटेत हरेश लागतो. त्याला वगळून पुढे जाता येत नाही आणि त्याच्यापाशी थांबलो की खरं सांगावं लागतं.

साकीनाक्याला आमची गॅरेजवाल्यांची जी लाइन आहे, तिथे आजही एखाद्याने जुना पार्ट दुरुस्त करून बसवला आणि तो फसला, की बाकीचे विचारतात, "काय रे, हरेशचा कॉम्प्रेसर बसवलास काय?" विचारणाऱ्यांतल्या बहुतेकांनी हरेशला कधी पाहिलेलं नाही. तो कोण, कुठला, त्यांना माहीत नाही. फसवा माल म्हणजे हरेशचा कॉम्प्रेसर, एवढंच त्यांना ठाऊक. हरेश आता राहिला नाही. तो कॉम्प्रेसर खरोखर कसा होता हे पक्कं माहीत असलेला माणूस एकच आहे, तो मी. म्हणून या वर्षी बाईंना हो म्हणालो.

आधी थोडं कामाविषयी सांगतो, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही.

गाडी उभी आहे, पाय कशावर नाही, आणि इंजिन आपलं हळूहळू चालू आहे, याला आम्ही आयडल म्हणतो. माणूस रिकाम्या हाताने उभा असावा तसं ते असतं. तुम्ही एसीचं बटण दाबता तेव्हा इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर 'टक्' आवाज करून इंजिनाला जोडला जातो. रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर कोणी तांदळाची गोणी ठेवावी, तसं इंजिनाचं होतं. मुरलेला हमाल गोणी येताना दिसली की आधीच पाय फाकवून, कंबर कसून उभा राहतो. चांगली गाडीही तेच करते. बटण दाबल्याबरोबर तिच्यातला छोटा कॉम्प्युटर इंजिनाला थोडी जास्त हवा देतो, रेस किंचित वाढते आणि मग कॉम्प्रेसर जोडला जातो. आत बसलेल्याला काही कळतही नाही.

ही साखळी कुठे तुटली की गाडी थरथरते. स्टिअरिंग हाताला मुंग्या आणतं, आरसा हलतो, पाण्याच्या बाटलीत लाटा उठतात. गाडी धावत असताना हा दोष कळत नाही. तो उभ्या गाडीचा आजार आहे, म्हणजे आपल्या उपनगरांचा. साकीनाक्याच्या सिग्नलला एप्रिलच्या दुपारी काचा बंद करून जो उभा राहिला आहे, त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

माझ्या हातून अशा गाड्या किती गेल्या याची मोजदाद नाही. हळूहळू लाइनमध्ये नावच पडलं होतं, एसी लावल्यावर हलते ना, परबकडे ने. मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला सांगू, अजून आहे.

अंधेरीच्या एक बाई आल्या होत्या. वकील होत्या, बोलणं एकदम मुद्द्याचं. म्हणाल्या, "गाडी फक्त माझा नवरा बसला की हलते."

मी म्हटलं, "वजनाने?"

"वजन माझंच जास्त आहे. थट्टा नको, मी बघितलंय. मी एकटी असले की शांत. हा शेजारी बसला की थरथर. तोसुद्धा म्हणतो, गाडीला मी आवडत नाही."

मी नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सभ्य, अबोल गृहस्थ आले. दार उघडून बसले आणि बसल्याबसल्या पहिली गोष्ट काय केली, तर एसीचं बटण दाबून पंखा पूर्ण वाढवला. बाई एकट्या असताना काचा खाली करून जायच्या. इंजिन ज्या रबरी उशांवर बसवलेलं असतं त्यांना आम्ही फाउंडेशन म्हणतो. त्यातली उजवीकडची उशी पार बसली होती. इंजिनावर भार आला की लोखंडाला लोखंड लागायचं आणि थरथर थेट सीटपर्यंत यायची. उशी बदलली. जाताना बाई नवऱ्याला म्हणाल्या, "चल, तू निर्दोष सुटलास." ते गृहस्थ पहिल्यांदा हसले.

बोरिवलीचे एक निवृत्त मास्तर होते, त्यांच्या गाडीतली हवेची बारीक नळी उंदरांनी कुरतडली होती. नळी बदलली, पुन्हा कुरतडली. त्यांची सोसायटी डोंगराच्या अंगाला, उंदीर भरपूर. मास्तरांनी बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या बांधल्या, त्याने उंदीर गेले की नाही ठाऊक नाही, पण एसी लावला की गाडीत कपाटाचा वास यायचा. बायको त्या गाडीतून लग्नाला जाईना. शेवटी नळीवर लोखंडी जाळी गुंडाळून दिली आणि गोळ्या काढून टाकल्या.

आता हरेश.

हरेश मढचा कोळी. घरी होडी होती, पण याला समुद्र लागायचा. होडीत बसला की पोट उलटायचं. भावकीत त्याची फार चेष्टा व्हायची. बाप म्हणायचा, "मासा जन्मला आनि पान्याला भितो." मग तो बर्फाच्या कारखान्यात लागला, तिथे थंड करायच्या यंत्रांचं काम शिकला आणि तिथून गाड्यांच्या एसीकडे वळला. त्याचा स्वतःचा गाळा नव्हता. माझ्या गाळ्याच्या पुढे पत्र्याखाली त्याचं टेबल, गॅसची टाकी आणि दाब दाखवणारी घड्याळं लावलेल्या नळ्या असायच्या. लाइनमधले सगळे त्याला बोलवायचे. इंजिनवाला वेगळा आणि एसीवाला वेगळा, ही आमच्याकडची पद्धत. इंजिनवाला गाळ्यात बसतो, एसीवाला बोलावलं की येतो. यात कोण वरचा ते कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

आमची ओळख एका गाडीवर झाली. सिग्नलला थरथरायची, हायवेला शांत. मी प्लग बदलले, कॉइल बदलली, काही फरक नाही. हरेश पलीकडच्या गाळ्यात काम करत होता. लांबून बघत बघत आला आणि म्हणाला, "परब, मगभर पानी दे."

"तहान लागली तर माठ तिकडे आहे."

"माज्यासाठी नाय रे, गाडीसाठी."

गाडीच्या तोंडाशी जी जाळी असते, जिथे एसीचा गॅस थंड होतो, तिच्यावर त्याने मगभर पाणी ओतलं. थरथर जागच्या जागी थांबली. थोड्या वेळाने जाळी तापली, पुन्हा सुरू. त्याने दुसरा मग ओतला, पुन्हा थांबली. जाळीमागचा पंखा मंदावला होता. गाडी उभी राहिली की गॅस थंड होईना, दाब चढायचा आणि कॉम्प्रेसर जड व्हायचा. धावताना वारा लागायचा म्हणून सगळं ठीक.

"तुमी इंजिनवाले सगले सारखे," तो म्हणाला, "गाडी हलली की प्लग काढता. बर्फाला वारा लागतो एवडं कोली पोराला पन ठाऊक असतं."

त्या दिवसापासून आमचा डबा एकत्र. त्याच्या डब्यात मासे, माझ्या डब्यात मासे, तरी रोज भांडण. माझी बायको मालवणी पद्धतीने खोबरं घालून करायची. तो म्हणायचा, "तुमी लोक मासा खाता की नारळ?" मी म्हणायचो, "तू आमटी खातोस की मिरची?" आणि दोघंही एकमेकांच्या डब्यातलं संपवायचो.

त्याचं खरं कसब जुना कॉम्प्रेसर उघडून पुन्हा उभा करण्याचं. नवा कॉम्प्रेसर परवडत नाही असे खूप लोक असतात. हरेश जुना खोलायचा, आतली बेअरिंग, सीलं बदलायचा आणि मग कॉम्प्रेसर मांडीवर घेऊन हाताने फिरवत बसायचा. कान लावून. कुठे अडकत नाही अशी खात्री झाल्याशिवाय गाडीला लावायचा नाही. मी विचारायचो, "बाळ झोपलं काय रे?" तो बोट ओठांवर ठेवायचा.

घाटकोपरचे मेहताशेठ आमचं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या भाड्याच्या टुरिस्ट गाड्या होत्या आणि बरोबर मेहुणे, चुलतभाऊ, त्यांचे शेजारी, सगळ्यांच्या गाड्या त्यांच्या एका शब्दावर यायच्या. इंजिन माझ्याकडे, एसी हरेशकडे. हरेशचं अर्ध्याहून जास्त काम त्यांचंच होतं.

त्यांची एक नव्या पद्धतीची, इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो अशी गाडी होती. तेव्हा या गाड्या आमच्याकडे नुकत्याच यायला लागल्या होत्या. आम्ही सगळे कार्ब्युरेटरवर वाढलेलो. जुन्या गाडीत रेस कमीजास्त करायला बाजूला एक स्क्रू असायचा. तो अर्धा फेरा फिरवायचा, इंजिन ऐकायचं, पाव फेरा मागे घ्यायचा. त्या स्क्रूवर आमचा हात बसलेला होता. गाडी बंद पडते, स्क्रू फिरव. थरथरते, स्क्रू फिरव.

नव्या गाडीतही थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाला हवा सोडणाऱ्या झडपेच्या बाजूला तसाच एक स्क्रू होता. त्यावर कारखान्यातून पिवळ्या रंगाचा ठिपका लावून आलेला. त्याचा अर्थ, याला हात लावू नये. ड्रायव्हरचा पाय पेडलवर आहे की नाही, हे नव्या गाडीतल्या कॉम्प्युटरला त्या स्क्रूच्या जागेवरून कळतं. स्क्रू आत घातला तर कॉम्प्युटरला वाटतं, पाय दाबलेला आहे, गाडी चालली आहे. मग तो आयडलची काळजी घेणं सोडून देतो. एसीची गोणी डोक्यावर आली तरी पाय फाकवायला सांगणारं कोणी उरत नाही. मला हे सांगितलं गेलं होतं. एका पार्टवाल्या कंपनीने आम्हा लोकांना हॉलमध्ये बसवून पडद्यावर दाखवलं होतं. त्या दिवशी तिथे जेवण चांगलं होतं. एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

मेहताशेठच्या त्या गाडीचा कॉम्प्रेसर जाम झाला होता. हरेशने तो काढून उघडायला घेतला. तेवढ्या दिवसांत गाडी एसीशिवाय चालत होती आणि ड्रायव्हरची तक्रार आली की सिग्नलला मधूनच बंद पडते. थ्रॉटलमध्ये काजळी साचली होती, ती साफ करायची एवढंच काम. पण माझ्यापुढे दोन गाड्या उघड्या पडल्या होत्या. मी बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि सवयीने तो स्क्रू फिरवला. पिवळा ठिपका तुटला. रेस वाढली, गाडी बंद पडायची थांबली. ड्रायव्हर खूश. मी ते विसरूनही गेलो.

मग हरेशने कॉम्प्रेसर बसवला. गॅस भरला, बटण दाबलं, गार हवा आली आणि गाडी थरथरायला लागली.

हरेशने कॉम्प्रेसर उतरवला, पुन्हा उघडला, पुन्हा सीलं बदलली, पुन्हा मांडीवर घेऊन फिरवला. बसवला, थरथर तीच. मग त्याने दुसऱ्या जुन्या गाडीचा कॉम्प्रेसर आणून तयार केला आणि तो बसवला. तीच थरथर. फाउंडेशन मी बघितली, चांगली होती. पंखा चांगला होता. मगभर पाणी ओतून झालं.

मेहताशेठ स्वतः आले. एसी लावून सीटवर बसले, थरथरत्या स्टिअरिंगवर हात ठेवला आणि म्हणाले, "परब, मला मशीन कळत नाय. गाडी थंड पायजे आणि शांत पायजे. आधी शांत होती, थंड नव्हती. आता थंड हाय, शांत नाय. कोणाची चूक, ते तुम्ही दोघं ठरवा."

हरेश म्हणाला, "शेठ, कॉम्प्रेसर हाताने फिरवून बघा, लोन्यासारका फिरतोय. परब, तू एकदा थ्रॉटल बघ ना. रेस उचलत नाय ही. टक् वाजतं तेव्हा रेस वर यायला पायजे. येत नाय."

तो बरोबर ऐकत होता. इंजिन माझं असून मी ऐकलं नव्हतं. पण आजूबाजूच्या गाळ्यांतले चार लोक येऊन उभे होते आणि एसीवाला मला इंजिन शिकवत होता. मी म्हटलं, "इंजिन मी सांभाळतोय. एसी नव्हता तेव्हा हलत होती काय? तुझा कॉम्प्रेसर बसला आणि हलायला लागली. आता अजून काय बघायचं?"

"तरी एकदा बघ ना, यार."

"भंगारातून उचलून आणलेला माल बसवतोस आणि मला बघायला सांगतोस."

हे भंगाराचं मी का बोललो, मला माहीत नाही. तो भंगारातून आणत नव्हता, पारखून आणायचा. मला माहीत होतं. हरेशने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि आपल्या नळ्या गुंडाळायला लागला. मेहताशेठ म्हणाले, नवा कॉम्प्रेसर आणतो, आणि नवा एसीवाला पण.

इथपर्यंत माझी चूक झाली म्हणता येईल. माणूस चुकतो, तोंडही सुटतं. पुढचं तसं नाही.

नवा कॉम्प्रेसर खोक्यातून आला. तो बसवणारा माणूस कुर्ल्याहून यायचा होता, त्याला उशीर झाला. त्याला हात घालायला जागा व्हावी म्हणून मी हवेचा मोठा पाइप काढून ठेवला. आणि थ्रॉटलच्या बाजूला मला तो स्क्रू दिसला. पिवळा रंग फुटलेला, डोक्यावर स्क्रू ड्रायव्हरचा ताजा ओरखडा. त्या हॉलमधला पडदा एकदम डोळ्यांपुढे आला. जेवणाच्या आधी काय सांगितलं होतं तेही आठवलं.

मी थ्रॉटल साफ केलं. स्क्रू जिथून फिरवला होता तिथे परत नेला. पाइप लावला, गाडी चालू केली. एसीचं बटण दाबलं. 'टक्' वाजलं, त्याआधी रेस किंचित वर आली आणि गाडी उभी राहिली. इतकी स्थिर की इंजिन चालू आहे हे कळायला हात लावावा लागला असता. आत अजून हरेशचाच कॉम्प्रेसर होता. हे बघणारा मी एकटा होतो.

तेव्हा फोन उचलायचा होता. मेहताशेठला सांगायचं होतं, नवा कॉम्प्रेसर परत करा, चूक माझी होती. शेठ माणूस चांगला होता, दोन शब्द बोलला असता आणि विसरला असता. मी गाडी बंद केली. कुर्ल्याचा माणूस आला, त्याने हरेशचा कॉम्प्रेसर उतरवला, नवा चढवला. मी त्याला हातभार लावला. संध्याकाळी शेठ आले, एसी लावून बसले, हात स्टिअरिंगवर ठेवला आणि म्हणाले, "बघ परब, तू बोलला तेच निघालं." आजूबाजूच्या गाळ्यांतले तेच लोक उभे होते. मी मान हलवली. हरेशचा कॉम्प्रेसर माझ्या देखत भंगाराच्या ढिगावर गेला.

बातमी लाइनमध्ये पसरायला वेळ लागला नाही. मेहताशेठ आणि त्यांच्या ओळखीच्यांचं सगळं काम त्याच्या हातून गेलं, मग इतरांनीही हरेशला बोलवायचं हळूहळू कमी केलं. तो काही महिने पत्र्याखाली बसला. माझ्याशी बोलणं तोडलं नाही. डबाही एकत्रच खायचो, फक्त आता भांडण होत नव्हतं. एक दिवस म्हणाला, "परब, बर्फाच्या कारखान्यात परत बोलवतायत. जातो." मी त्याचं टेबल टेम्पोत चढवायला मदत केली.

त्यानंतर मी स्क्रूला हात लावला नाही. इंजेक्शनच्या गाड्यांचं काम नीट शिकलो, पुस्तकं आणून शिकलो. आणि एसी लावल्यावर गाडी हलते म्हणून जो कोणी येई, त्याच्या गाडीचं इंजिन मी आधी ऐकायचो. टक् वाजण्याआधी रेस वर येते की नाही, हे हरेशने सांगितलेलं. माझं नाव झालं ते त्यातून झालं. मुलगा शिकला, मुलगी नाहूरला सुखात नांदते आहे, गाळा भाड्याने देऊन मी घरी बसलो आहे. सकाळी फिरायला जातो, दुपारी झोप लागते. तक्रार करावी असं आयुष्यात फारसं काही नाही. हेसुद्धा खरं आहे आणि ते लपवून मी जास्त दुःखी दिसायचा प्रयत्न करणार नाही.

गाळा सोडल्यावर मी ठरवलं, मढला जायचं. वर्सोव्याहून फेरीबोट पलीकडे लगेच पोहोचते, पण तेवढ्या वेळात मी वाक्य बांधून तयार ठेवलं. हरेश, तो कॉम्प्रेसर चांगला होता, स्क्रू मी फिरवला होता, मला माफ कर. एवढंच. लांबण नको, कारणं नकोत.

हरेश दारातच होता. केस पूर्ण पांढरे, अंगाने वाळलेला, पण आवाज तोच. "अगं सुनंदा, परबशेट आले. घरातलं फाउंडेशन कुटं बसलं असेल ते दाखव यांना." त्याची बायको हसत बाहेर आली. घर छान बांधलं होतं, वर एक मजला चढवला होता. कारखान्यातून निवृत्त होऊन तो आता बंदरावरच्या बर्फाच्या खोल्या बघत होता. जावई होडीवर जायचा. "जावयाला समुद्र लागत नाय," हरेश म्हणाला, "आपल्या घरात कोनीतरी पायजे होता तसा."

सुनंदाने तळलेले बोंबील आणून ठेवले. मी म्हटलं, "नारळ नाही घातला." तो म्हणाला, "मासा खा गपचूप."

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी वाक्य जिभेवर आणून ठेवलं होतं. तेवढ्यात तोच म्हणाला, "मेहताचा तो कॉम्प्रेसर आटवतो तुला?"

मी म्हटलं, "आठवतो."

"मी लई विचार केला त्याचा. सीलं बसवताना काय चुकलो, बेअरिंग कुटं घासत होती. मनात किती वेला खोलला असेल तो. दोन कॉम्प्रेसर लावले, दोन्ही हलले, म्हनजे चूक हाताचीच, नाय? कान पन दगा देत होते. मला वाटत होतं लोन्यासारका फिरतोय, आनि तुला इंजिनात हलताना दिसत होता." तो शांतपणे बोलत होता, हवामानाबद्दल बोलावं तसं. "त्यानंतर मी जुना कॉम्प्रेसर कदी खोलला नाय. कारखान्यात पन नवाच मागवायचो. मालक वैतागायचा. पन आपल्या हातावर भरवसा नाय राह्यला तर काय करनार."

सुनंदा दारात उभी होती. म्हणाली, "मन मोडलेलं यांचं तेवा. पन एका अर्थी बरं झालं. नायतर गाड्यांच्या धुरातच ऱ्हायले असते."

"हा, ते पन खरं," हरेश म्हणाला, आणि माझ्या ताटात आणखी एक बोंबील ठेवला.

लाइनमध्ये त्याचं नाव खराब झालं हे मला ठाऊक होतं, त्याची माफी मागायला मी निघालो होतो. त्याने स्वतःच्या हातांवरचा विश्वास सोडला, हे मला ठाऊक नव्हतं. मी बांधून आणलेलं वाक्य त्याला पुरणारं नव्हतं. मी बोंबील खाल्ला आणि बरा झालाय म्हणालो.

निघताना तो मला धक्क्यापर्यंत सोडायला आला. सुक्या बोंबलांची पिशवी त्याच्याच हातात होती, मला घेऊ देईना. भरती होती, बोट वर-खाली होत होती. आम्ही उभे राहिलो. मी दोनदा त्याच्याकडे वळलो आणि दोनदा समुद्राकडे बघितलं.

"काय रे," तो म्हणाला, "तू कायतरी बोलायला आलेला ना? सकालपासून बघतोय, तोंड उगडतोस आनि मिटतोस."

"नाही रे, असंच. बऱ्याच दिवसांत भेट नव्हती."

"मग येत जा ना," हरेश म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. त्याने पिशवी माझ्या हातात दिली, मला बोटीत चढताना कोपराला धरलं आणि बोट सुटेपर्यंत धक्क्यावर उभा राहिला. समुद्र लागणारा माणूस, पाण्याच्या इतक्या जवळ.

मी म्हणालो, "येईन."